साडेसहा बँडचा उंबरठा

औंढा नागनाथहून वसमतकडे जाताना शिरड शहापूर लागतं. भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरासाठी लांबलांबचे यात्रेकरू इथे येतात. गावातली पोरं मात्र बारावी झाली की नांदेड, परभणी, पुणे असं बाहेर पडतात. त्यांतल्या एखादीनं नर्सिंग किंवा इंजिनिअरिंग करून परदेशाचा विषय काढला, की घरात पहिला प्रश्न पैशांचा येतो आणि दुसरा आयईएलटीएसचा, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा. या दुसऱ्या प्रश्नाची गावाकडे जितकी भीती आहे, तितकी माहिती नाही.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा अशी परीक्षाच नव्हती. त्यांनी इंग्रजीत लिहिलेला अर्ज फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने वाचला आणि प्रवेश दिला. टोफेल आली १९६४ मध्ये, आयईएलटीएस १९८९ मध्ये, पीटीई अकॅडेमिक २००९ मध्ये. आता विद्यापीठ, नोकरी, व्हिसा या प्रत्येक दारावर यांपैकी एखादीचा निकाल मागितला जातो.

आयईएलटीएसमध्ये पास-नापास नसतं. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांना ० ते ९ बँड मिळतात. पदव्युत्तर प्रवेशाला अनेक विद्यापीठं सरासरी साडेसहा मागतात आणि एकही भाग सहाच्या खाली नको म्हणतात. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करायची तर लेखनात साडेसहा आणि उरलेल्या तिन्हींत सात लागतात. आरोग्यसेवेतल्यांसाठी ओईटी ही वेगळी परीक्षाही तिथे चालते. तिच्यात रुग्णालयातलंच इंग्रजी असल्यानं आपल्या नर्स मुलींनी तिचा विचार जरूर करावा.

रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. म्हणजे आजचा पंचविशीतला मराठी माध्यमाचा मुलगा बारा वर्षं इंग्रजी शिकलेला असतो. तरी तो अडतो, कारण ते इंग्रजी त्यानं डोळ्यांनी शिकलेलं असतं. पुस्तकातला उतारा तो सोडवतो, पण माणसाच्या तोंडचं सलग इंग्रजी त्याच्या कानावर फारसं पडलेलं नसतं. आयईएलटीएसचं ध्वनिमुद्रण एकदाच वाजतं. त्यातही कधी ब्रिटिश, कधी ऑस्ट्रेलियन बोलणं, आणि उत्तराचं स्पेलिंग चुकलं तर गुण गेला. म्हणून क्लास लावण्याआधी सहा महिने कानांची मशागत करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. रोज अर्धा तास इंग्रजी बातम्या किंवा मुलाखती, अक्षरं न वाचता. मोबाइलवर हे फुकट होतं.

बोलण्याची भीती सर्वांत मोठी आणि बरीचशी अनाठायी. परीक्षकाशी ११ ते १४ मिनिटं गप्पा असतात. मराठवाडी वळणाच्या उच्चारांना कुणी गुण कापत नाही; बोललेलं समजलं पाहिजे. मध्ये एका विषयावर मिनिटभर विचार करून दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं असतं. हळद कशी शिजवतात, वाळवतात, पॉलिश करतात, हे ज्या मुलानं घरी पाहिलंय त्याच्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे. पाठ केलेलं उत्तर मात्र परीक्षक लगेच ओळखतो. लेखनाचंही तसंच. दुसऱ्या प्रश्नात किमान २५० शब्द लिहायचे असतात आणि त्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. तिथे सुविचार पेरलेला शाळकरी निबंध उपयोगाचा नाही. स्वतःचं मत आणि त्यामागची कारणं लागतात.

आयईएलटीएसची फी १८ हजार रुपयांच्या आसपास. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी शेतकऱ्याच्या घराला ही रक्कम साधी नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण परीक्षेची फी त्याआधीच खिशातून जाते. त्यामुळे आधी विद्यापीठ ठरवा, ते कोणती परीक्षा मानतं ते पाहा, मगच पैसे भरा. आयईएलटीएसचे प्रकारही वेगळे: शिक्षणासाठी अकॅडेमिक, कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठी जनरल ट्रेनिंग. इथे गल्लत झाली की फी वाया. डुओलिंगोची परीक्षा स्वस्त आणि घरबसल्या होते, मात्र ती ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला चालत नाही आणि मध्येच वीज गेली तर पंचाईत.

वाट दाखवणारी माणसं आता आपल्याच भागातून पुढे येत आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातला, शेतकरी घरचा राजू केंद्रे २०२१ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस विद्यापीठात पोचला. त्याची ‘एकलव्य’ संस्था शिक्षणातल्या पहिल्या पिढीच्या मुलांना उच्चशिक्षणासाठी मार्गदर्शन करते. अशा माणसाशी झालेलं तासाभराचं बोलणं मला महागड्या क्लासपेक्षा मोलाचं वाटतं.

इंग्रजी हाच एक रस्ता आहे, असंही नाही. महाराष्ट्र शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक अशा कामांसाठी तिथे जर्मन भाषा शिकावी लागते, आयईएलटीएस नव्हे.

आणखी एक. भारतात आयईएलटीएसला ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, आधार चालत नाही. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. लग्नानंतर मुलींचं आणखी बदलतं. नोंदणी करताना पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच, अक्षर न् अक्षर जुळवून भरा. निकाल दोनच वर्षं चालतो. त्यामुळे पासपोर्ट आजच काढायला हरकत नाही. परीक्षेची तारीख मात्र प्रवेशाचं वर्ष ठरल्यावरच घ्यावी.