गेम खेळताना लॅपटॉप अडकतो, बंद पडतो? दुकानात नेण्याआधी घरी हे तपासा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की पालकांचे एकाच तऱ्हेचे फोन येतात. मागच्या मे महिन्यात हिंगणघाटहून एका विद्यार्थ्याच्या अब्बूंचा फोन आला. "सर, या पोट्ट्यानं गेम खेळून खेळून लॅपटॉपची वाट लावली. दुकानदार म्हणते मदरबोर्ड गेला." लॅपटॉप सीईटीच्या तयारीसाठी घेतलेला, तोही अम्मीने भिसीचे पैसे घालून. घरात दोन दिवस कुणी त्या मुलाशी नीट बोलत नव्हतं.

दुसऱ्या एका मेकॅनिककडे लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं, तेव्हा पंख्याच्या जाळीत कापसाच्या तंतूंचा थर बसलेला निघाला. मुलगा रुईच्या गादीवर लॅपटॉप ठेवून खेळायचा. साफसफाई केली, नवी पेस्ट लावली, लॅपटॉप चालू झाला. मदरबोर्ड शाबूत होता.

म्हणून आधी एक गोष्ट समजून घेऊ. गेममुळे चांगला लॅपटॉप सहसा बिघडत नाही. गेम मशीनकडून पूर्ण ताकदीने काम करवून घेतो, त्यामुळे आधीपासून असलेला दोष उघडा पडतो. तो दोष कोणता, हे शोधलं की खर्च कमी होतो आणि घरातलं भांडणही मिटतं.

सगळ्यात आधी

मुलाच्या नोट्स, स्कॉलरशिपचे कागद, घरातल्या लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. दुरुस्ती नंतर. गेलेला लॅपटॉप पुन्हा घेता येतो, गेलेले फोटो नाही.

लॅपटॉपचं पोट फुगलेलं दिसत असेल किंवा टचपॅड वर उचललं गेलं असेल, तर बॅटरी फुगली आहे. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. चार्जिंग लगेच थांबवा, लॅपटॉप बंद करा आणि बॅटरी बदलल्याशिवाय वापरू नका.

बंद कसा पडतो, ते बघा

"बंद पडतो" एवढ्यावरून काही कळत नाही. मुलाला शेजारी बसवून विचारा, रागावू नका. नेमकं काय होतं ते त्यालाच माहीत असतं.

10-15 मिनिटं गेम नीट चालतो, मग पंखा जोरात वाजतो, गेम संथ होतो आणि मशीन एकदम बंद: बहुतेक वेळा उष्णता.

चित्र थांबतं पण आवाज चालू राहतो, किंवा स्क्रीन क्षणभर काळी होते: ग्राफिक्स ड्रायव्हरवर पहिला संशय.

सुरुवातीपासूनच गेम अडखळतो: रॅम कमी पडते किंवा हार्ड डिस्क थकली आहे.

निळी स्क्रीन येते: तिच्यावरच्या अक्षरांचा मोबाइलवर फोटो काढा. रॅम, ड्रायव्हर किंवा डिस्क, यापैकी काय ते त्यावरून कळायला मदत होते.

एकच गेम बंद पडतो, बाकी सगळं ठीक: दोष त्या गेमच्या फाइलमध्ये. गेम दुरुस्त करा किंवा काढून पुन्हा टाका.

विंडोजच्या सर्चमध्ये 'रिलायबिलिटी हिस्टरी' शोधा. कोणत्या दिवशी काय बंद पडलं, याची तारीखवार नोंद तिथे दिसते. शाळेच्या हजेरीपटासारखीच. आणि ती खोटं बोलत नाही.

आपल्या जिल्ह्यातलं पहिलं कारण

वर्ध्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत, कधी त्याच्याही पुढे जातो. अनेक कंपन्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात लिहितात की खोलीचं तापमान 35 अंशांपर्यंत असावं. आपल्याकडे टिनाच्या छताखालच्या खोलीत हा आकडा सकाळीच ओलांडला जातो.

हिशेब सोपा आहे. पंखा बाहेरची हवा आत घेऊनच चिप थंड करतो. खोली जितकी तापते, ढोबळमानाने चिपही तितकीच जास्त तापते. हिवाळ्यात 25 अंशांच्या खोलीत चिप 85 वर असेल, तर 40 अंशांच्या खोलीत तीच 100 च्या आसपास जाईल. बहुतेक प्रोसेसर 95 ते 105 अंशांच्या दरम्यान स्वतःचा वेग कमी करतात. तरीही भागलं नाही तर मशीन जळू नये म्हणून बंद होतं. म्हणजे ते एकदम बंद पडणं हा बिघाड नसून बचाव असतो.

खात्री करायची असेल तर 'एचडब्ल्यूमॉनिटर' हे मोफत सॉफ्टवेअर टाका, अर्धा तास गेम खेळू द्या आणि सर्वांत जास्त तापमानाचा आकडा बघा. 95 च्या वर असेल तर पुढचे उपाय करा.

लॅपटॉप गादीवर, रजईवर, मांडीवर ठेवू नका. टेबलावर ठेवा आणि मागची बाजू बोटभर उचला. त्यासाठी बाटलीची दोन झाकणंही पुरतात.

झोहर ते असर गेम बंद. दिवसातली सर्वांत तापलेली हीच वेळ. नवतपात तर नक्कीच.

कूलरमुळे खोली थंड होते, ते चांगलंच. पण लॅपटॉप थेट कूलरसमोर नको. पाण्याचे बारीक थेंब आत जातात आणि आपल्या जड पाण्याचा पांढरा थर साचतो.

गेमच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स एक पायरी खाली आणा आणि फ्रेम रेट 60 किंवा 45 वर बांधून टाका. चित्रात फार फरक पडत नाही, उष्णतेत पडतो.

वर्षातून एकदा आतली सफाई करून घ्या. कापसाच्या हंगामानंतर, उन्हाळ्याच्या आधी. घरी फुंकणी वापरणार असाल तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढा आणि पंखा काडीने अडवून धरा, नाहीतर तो उलटा गरगर फिरून खराब होतो. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. लॅपटॉप तीन-चार वर्षांचा असेल तर चिपवरची थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते, ती मेकॅनिककडून बदलून घ्या.

तरीही बंद पडत असेल तर

ड्रायव्हर: लॅपटॉपच्या कंपनीच्या किंवा एनव्हिडिया, एएमडी, इंटेल यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' करून जुना परत आणा.

रॅम: सर्चमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून चालवा. लॅपटॉप रीस्टार्ट होऊन स्वतःच तपासणी करतो. आजच्या मोठ्या गेमला 8 जीबी रॅमही अपुरी पडते. 4 जीबीवर तर हट्ट धरूच नका.

डिस्क: 'क्रिस्टलडिस्कइन्फो' मोफत आहे. त्यात 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं, तर गेम थांबवा आणि आधी फाइल वाचवा.

चार्जर: गेमिंग लॅपटॉपला अनेकदा 150 वॉट किंवा जास्तीचा चार्जर लागतो. जुना हरवला म्हणून 65 वॉटचा स्वस्त चार्जर लावला, तर चार्जिंगला लावूनही बॅटरी उतरत जाते आणि ऐन खेळात मशीन संपतं. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घराची अर्थिंग इलेक्ट्रिशियनला दाखवा.

फुकटचे गेम: पेनड्राइव्हवरून आलेला 'क्रॅक' गेम टाकताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. घराचं दार उघडं ठेवून झोपण्यासारखंच आहे हे. अशा गेमसोबत कधी कधी क्रिप्टो माइनिंगचा प्रोग्राम येतो. तो गेम बंद असतानाही मशीन तापवत ठेवतो. आणि व्हायरस नसला तरी, ज्यांनी तो गेम मेहनतीने बनवला त्यांचा हक्क मारणं आपल्याला शोभत नाही. कायदेशीर मोफत गेम पुष्कळ आहेत.

दुकानात जाताना

एवढं करून नाही जमलं तर मेकॅनिककडे जरूर जा. तापमानाचा आकडा, निळ्या स्क्रीनचा फोटो आणि काय काय करून पाहिलं याची चिठ्ठी सोबत न्या. "मदरबोर्ड गेला" असं ऐकलं तर विचारा, हे कशावरून ठरवलं? आधी सफाई आणि पेस्ट करून बघाल का? बदललेला जुना पार्ट परत मागा. प्रामाणिक कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही.

हिंगणघाटच्या त्या घरी आता लॅपटॉप टेबलावर असतो, आणि पंख्याची जाळी साफ करून घेण्याची जबाबदारी त्या मुलाकडेच आहे. त्याच्या अब्बूंनी नंतर मला फोन करून सांगितलं, "सर, मी पोराला उगाच बोललो." मी म्हटलं, हे मला नका सांगू, त्याला सांगा.