ट्रॅक्टरचे पाणी जाते कोठे?

अकोला व अमरावती जिल्ह्यांत मे महिन्यात पारा 45 अंशांवर चढतो, आणि नेमक्या याच दिवसांत उन्हाळी नांगरटीची घाई असते. रेडिएटरमधून वाफ निघू लागली म्हणजे चालक जवळच्या विहिरीचे बादलीभर पाणी ओततो व पुन्हा तास धरतो. काम चालू राहते खरे. परंतु सुस्थितीतील इंजिनास दररोज पाणी लागत नाही. ते कमी होत असल्यास कोठून तरी जात आहे, हे निश्चित.

शोध सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना घ्यावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालील पाणी एकदम उसळून चेहरा व हात भाजतात. प्रथम इंजिनाच्या अंगावर ओल किंवा पांढरट ओघळ आहेत काय ते पाहावे. पाणी वाळले तरी क्षारांचा डाग राहतोच. रबरी नळ्यांची टोके, रेडिएटरचा तळ आणि पाण्याच्या पंपाखालील लहान छिद्र ही गळतीची नेहमीची ठिकाणे होत. या छिद्रातून ठिबक लागली की ते बुजविण्याची युक्ती काही जण करतात. ती अत्यंत अनिष्ट आहे. छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. ठिबक लागणे म्हणजे पंपाचे सील गेले असे समजावे. छिद्र बुजविल्यास पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

बाहेर ओल नसेल तर झाकण तपासावे. दर चौरस सेंटिमीटरला 0.9 किलोग्रॅम दाब धरणारे झाकण असल्यास साधे पाणीही सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. त्याचे रबर चिरले की तेच पाणी शंभराच्या आसपास उकळून बाहेर पडते. वस्तू अल्प किमतीची. तरी इंजिन खोलण्यापूर्वी ती बदलून पाहणारे थोडेच.

खरी चिंता आतील गळतीची. झाकण काढून थंड इंजिन सुरू केले असता रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले, तर हेडचे गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. तेल दुधट दिसत असेल किंवा त्याची पातळी आपोआप वाढली असेल, तर ट्रॅक्टर चालवूच नये.

पाणी कमी न होताही इंजिन तापते. पंख्याचा पट्टा सैल असतो, थर्मोस्टॅट अडकलेला असतो, किंवा मळणीनंतर रेडिएटरच्या जाळीत तुरीचे वा सोयाबीनचे कुटार दाटून बसलेले असते. हे कुटार पंख्याच्या बाजूने पुढे हवा मारून काढावे. समोरून मारल्यास ते अधिकच आत जाते.

वऱ्हाडात मात्र आणखी एक कारण आहे व त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत, भूजल क्षारयुक्त आहे. बंबाच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तोच इंजिनाच्या पाणीमार्गात व रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि उष्णता अडवून धरतो. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात. त्यावर पुन्हा खारे पाणी ओतले की क्षारांची भर पडते. अशा रीतीने गळतीमुळे थर वाढतो, थरामुळे इंजिन तापते आणि तापल्यामुळे पुन्हा पाणी जाते. त्यातच क्लोराइडमुळे धातूस गंज चढून नवी छिद्रे पडतात.

म्हणून दुरुस्तीनंतर पाणीमार्ग धुऊन घ्यावा आणि निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात कूलंट व बॅटरीसाठी मिळते तसे ऊर्ध्वपातित पाणी मिसळून भरावे. शेतात अडचण पडून विहिरीचेच पाणी घालावे लागले, तर इंजिन निवू द्यावे. तप्त इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेड तडकते. घरी परतल्यावर ते पाणी काढून टाकावे.