बंद पडलेल्या धंद्याची जुनी बोट घ्यावी का? बडोद्याहून आणलेला हिशोब



बंदीचे दिवस आहेत. बोटी किनाऱ्यावर शाकारून ठेवल्यात, घराघरात जाळी शिवायचं काम चाललंय. या मोकळ्या दिवसांत आम्ही संस्थेचे चौघं बडोद्याला जाऊन आलो. फिरायला नाही, कामाला.

काम असं, की आपल्या संस्थेतल्या दोघा भावांना दोन जुन्या बोटी घ्यायच्या आहेत. बोटी वेरावळला उभ्या, मालकाचं ऑफिस बडोद्यात, आणि मालकाचा मासळीचा धंदा दोन वर्षांपासून बंद. भाव स्वस्त सांगतायत. कर्जाला जामीन म्हणून संस्थेचं नाव हवंय. म्हणजे हा व्यवहार फसला तर नुकसान दोघा भावांपुरतं राहत नाही, आपल्या सगळ्यांच्या पुंजीला हात लागतो. म्हणून आधी कागद बघायला गेलो.

मुक्काम दांडिया बाजारात, आमच्यातल्या एकाच्या मावशींकडे. घर तीन पिढ्यांपासून बडोद्यात, पण घरात बोलणं मराठीच. सकाळी सेव उसळ खाता खाता मावशींच्या मुलाने विषय काढला. तो मुंबईहून कॉर्डेलियाच्या क्रूझने गोव्याला जाऊन आलेला. म्हणाला, "काका, जलेश कंपनी बंद पडली तेव्हा तिचं कर्णिका जहाज कॉर्डेलियाने का नाही उचललं? आयतं जहाज होतं, मुंबईच्याच समुद्रात उभं!"

प्रश्न आम्हाला एकदम आपलाच वाटला. जहाज मोठं असो की आपली बोट, सवाल तोच. दुसऱ्याचा धंदा बसला, त्याची जुनी बोट स्वस्तात मिळतेय, घ्यायची का?

आधी कर्णिकाची गोष्ट. हे जहाज १९९० मध्ये इटलीत बांधलं. पहिलं नाव क्राउन प्रिन्सेस. आकार डॉल्फिनवरून घेतलेला, रेखाटणारे रेन्झो पियानो हे नामांकित वास्तुकार. पुढे मालक बदलत गेले, नावं बदलत गेली. कर्णिका हे त्याचं सहावं नाव. एप्रिल २०१९ मध्ये जलेश क्रूझेसने ते मुंबईहून सुरू केलं. एक वर्ष भरायच्या आत कोरोना आला आणि फेऱ्या थांबल्या. उभं जहाजही खर्च खातंच. जनरेटर चालू, खलाशी जहाजावर, विमा चालू, कमाई शून्य. देणी थकली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, जहाजाचा लिलाव झाला. २०२० च्या अखेरीस कर्णिका अलंगच्या किनाऱ्यावर चढली आणि तोडली गेली.

आता गंमत बघा. त्याच सुमारास, डिसेंबर २०२० मध्ये, रॉयल कॅरिबियन कंपनीने एम्प्रेस हे आपलं जहाज विकल्याचं जाहीर केलं. तेच जहाज कॉर्डेलियाकडे आलं आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून फिरायला लागलं. एम्प्रेस कधीचं? तेही १९९० चंच! एकाच साली बांधलेली दोन जहाजं, एक भंगारात गेलं आणि दुसरं धंद्याला लागलं. शिवाय जलेश चालवणारे युर्गन बैलोम हेच पुढे कॉर्डेलियाचे प्रमुख झाले. म्हणजे जुनं जहाज सांभाळणं काय असतं हे ठाऊक असलेल्या माणसाने पुन्हा जुनंच जहाज घेतलं, फक्त दुसरं.

आमचं मत असं की ते बरोबरच झालं. कर्णिका सुमारे ७० हजार टनांची, एम्प्रेस साधारण साडे-अठ्ठेचाळीस हजारांची. इंधन, खलाशी, गोदीतलं काम हे सगळं जहाजाच्या आकारावर ठरतं, तुम्ही ते कितीला घेतलं यावर नाही. मुंबई-गोवा-लक्षद्वीप हा धंदा अजून मूळ धरत होता. त्याला लहान जहाज पुरतं. मोठं जहाज फुकट मिळालं असतं तरी रोजचा खर्च कमी झाला नसता. आपल्याकडेही दोन सिलिंडरची बोट पुरते तिथे सहा सिलिंडरची स्वस्त मिळाली म्हणून घेतली, तर डिझेल काही स्वस्त मिळत नाही.

पण एम्प्रेसनेही आधीच्या मालकांना रडवलेलं आहे. २०१६ मध्ये रॉयल कॅरिबियनने हे जहाज स्पेनच्या पुलमनतुर कंपनीकडून परत आपल्याकडे घेतलं, तेव्हा गोदीत उघडल्यावर स्वयंपाकघराचं आणि कोठारांचं काम अंदाजापेक्षा जास्त निघालं. जाहीर केलेल्या सहली रद्द कराव्या लागल्या. जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एकीचा अंदाज चुकला, तर आपला सुतार बोट पाण्यात उभी असताना फळ्या ठोकून सांगतो त्यावर किती विसंबायचं?

मग बंद कंपनीची जहाजं घेऊच नयेत का? तसंही नाही. बाहेरच्या देशातलं क्रिस्टलचं उदाहरण घ्या. क्रिस्टल क्रूझेस ही श्रीमंतांची कंपनी, तिची मालक गेंटिंग हाँगकाँग. जानेवारी २०२२ मध्ये मालक बुडाला. इंधनाच्या थकलेल्या बिलापायी क्रिस्टल सिंफनीवर अमेरिकेत जप्तीचा हुकूम निघाला, तेव्हा मायामीला जाणारं ते जहाज प्रवाशांसकट बहामाकडे वळवलं. पुढे सिंफनी आणि सेरेनिटी ही दोन्ही जहाजं बहामातच जप्त झाली. त्याच वर्षी जूनमध्ये अ‍ॅबरक्रॉम्बी अँड केंट या पर्यटन कंपनीच्या समूहाने दोन्ही विकत घेतली. १९९५ ची सिंफनी अडीच कोटी डॉलरला, २००३ ची सेरेनिटी १० कोटी ३० लाख डॉलरला. सेरेनिटी मोठी खरी, पण चौपट किमतीत वयाचाही वाटा आहेच.

घेतल्यावर काय केलं ते महत्त्वाचं. जहाजं इटलीला त्रिएस्तेच्या गोदीत नेली, खोल्या मोठ्या केल्या, प्रवाशांची संख्या कमी केली. २०२३ च्या उन्हाळ्यात जहाजं पुन्हा निघाली. म्हणजे घेतल्यापासून वर्षभर कमाई नाही, नुसता खर्च. तेवढं बळ त्यांच्या खिशात होतं, श्रीमंत गिऱ्हाईक आधीपासून त्यांच्याकडे होतं, आणि क्रिस्टलचं नाव लोकांच्या मनातून गेलं नव्हतं. जहाजं चांगली होती, मालकाचा पैसा संपला होता. अशा वेळी घेणं शहाणपणाचं.

इथे कायद्याची एक गोष्ट प्रत्येक बोटमालकाने लक्षात ठेवावी. २०१७ च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्यात 'जहाज' या शब्दाच्या व्याख्येत होडीही येते. जहाजावरच्या काही देण्यांचा बोजा जहाजालाच चिकटतो आणि मालक बदलला तरी सुटत नाही. त्यात पहिला नंबर खलाशांच्या पगाराचा. मग मृत्यू आणि दुखापतीची भरपाई, बुडती बोट वाचवल्याचा मोबदला, बंदराची देणी वगैरे. हा बोजा साधारण एक वर्ष टिकतो, पगाराचा दोन वर्षं. उच्च न्यायालयाने या कायद्याखाली लिलाव केला तर घेणाऱ्याला बोट सगळ्या बोजांतून मोकळी मिळते. परस्पर मालकाकडून घेतली तर ही हमी नाही. म्हणून मालक दोन लाख कमी करतोय यापेक्षा त्याच्या खलाशांना पैसे मिळाले का, हे आधी विचारावं.

दुसरी गोष्ट आपल्या बंदराची. बडोद्यापासून जवळच दहेज. तिथून घोघ्याला जाणारी फेरीबोट सुरू झाली, २०१८ मध्ये कोरियातून आणलेली व्हॉयेज सिंफनी नावाची मोठी बोट लागली, गाड्या-ट्रकसकट लोक आखात ओलांडू लागले. पण दहेजला गाळ साचत राहिला, पाणी पुरेना. शेवटी नोव्हेंबर २०२० पासून फेरी हजिऱ्याहून सुरू करावी लागली. बोटीत दोष नव्हता, धक्क्याला पाणी नव्हतं. वेरावळची बोट आपल्या खाडीत ओहोटीला तरंगेल का, हे भावांनी अजून मोजलेलं नाही.

आता आपल्या कागदांचं. बडोद्यात आम्ही दोन दिवस बसून सगळं वाचलं. पहिल्या बोटीची नोंदणी, परवाना, विमा अस्सल प्रतींत आहे, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आहे. दुसऱ्या बोटीवर कर्जाची नोंद अजून तशीच आहे, आणि वेरावळला फोन केला तेव्हा तिच्या खलाशांचा हंगामाचा पगार राहिल्याचं कळलं. मालक म्हणतात, "होऊन जाईल." होऊन जाईल तेव्हा बघू.

म्हणून आमची शिफारस अशी. दुसरी बोट घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाली तरी. पहिली घ्यावी, पण अटींवर. बोट वेरावळलाच किनाऱ्यावर चढवून आपला सुतार आणि आपला मेकॅनिक यांनी तळ आणि इंजिन उघडून बघायचं. गुजरातची नोंद काढून महाराष्ट्रात होईल का, हे मत्स्य विभागाकडून आधी लेखी घ्यायचं. आणि किमतीइतकाच विचार डागडुजीच्या पैशाचा करायचा. तो पैसा वेगळा ठेवलेला दिसला तरच संस्थेने जामीन राहायचं.

आणखी एक वाट आहे. कॉर्डेलियाने २०२५ मध्ये पुढची दोन जहाजं, नॉर्वेजियन स्काय आणि नॉर्वेजियन सन, विकत न घेता लांब मुदतीच्या भाड्याने घ्यायचं ठरवलं. ती अनुक्रमे १९९९ आणि २००१ ची आहेत. भावांनीही पहिला हंगाम बोट भाड्याने चालवून बघावी, असं आमच्यातल्या दोघांचं मत आहे. मालक तयार होईल का, ते विचारतोय.

नारळी पौर्णिमेच्या आधी संस्थेची सभा आहे. तिथे भाऊ आपली बाजू मांडतील, आम्ही हा हिशोब कागदांसकट ठेवू. संस्थेत ज्यांची ठेव आहे त्या प्रत्येकाने यावं. आयाबहिणींनी तर नक्की यावं. बाजारात मासळी विकून आलेला पैसाच या ठेवींत आहे, तेव्हा जामीन कोणाला राहायचं हे त्यांनीही ठरवायला हवं.