सीताफळाला उन्हाळा लागतो

बालाघाटच्या रांगेत, धारूर-अंबाजोगाईकडच्या माळावर सीताफळाची झुडपं कुणी लावलेली नाहीत. मुरूम, दगड आणि वरून ऊन. मूळचं हे झाड अमेरिकेतलं, पण इथे असं रुजलं की बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हेच झाड अंगणात लावलं की तक्रार ठरलेली: पानं मायंदाळ, फळ एक नाही.

बहुतेकदा दोष आपल्या पाण्याचा असतो. सीताफळाचं जून पान देठासकट अलगद तोडून बघा. देठाच्या बुडाखाली झाकलेला बारीक डोळा दिसेल. पान गळल्याशिवाय तो फुटत नाही, आणि फुलं येतात ती मुख्यतः नव्या फुटीवर. माळावर उन्हाळा हे काम फुकट करतो. आपण बारमाही पाणी घालून पान गळूच देत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी तोडावं, हलकी छाटणी करावी आणि झाड उघडं पडलं तरी घाबरू नये.

फुलाचंही एक तंत्र आहे. त्यातला स्त्रीभाग आधी तयार होतो, पराग मागाहून सुटतात. त्यामुळे एकाचे पराग दुसऱ्या फुलात नेण्याचं काम बारीक भुंगेरे करतात. कोरड्या हवेत स्त्रीभाग सुकून जातो, म्हणून मे महिन्यातली बरीच फुलं गळतात आणि खरी फळधारणा पावसाळी दमट हवेत होते. भुंगेरे कमी असतील, तर सकाळी पूर्ण उमललेल्या फुलातले पराग मऊ कुंचल्याने अर्धवट उघडलेल्या फुलात लावावेत. फळावरचा प्रत्येक डोळा स्वतंत्र असतो. पराग न पोचलेली बाजू चपटी राहते. वाकडं सीताफळ म्हणजे अर्धवट झालेलं परागीभवन!

रोप करायला ताज्या फळातल्या बिया धुऊन, दिवसभर भिजवून पिशवीत टोचाव्यात. उगवायला महिना-दीड महिना लागतो, फळाला तीन-चार वर्षं. बियांचं झाड आईवर जाईलच असं नाही. तीच चव हवी असेल तर कलमच घ्या. पाणी साचणारी जागा टाळा. कुंपणाची मात्र चिंता नको, शेळ्या या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत. बियांची पूड उवांवर लावायची जुनी रीत आहे, तिच्या नादी लागू नये. डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते.

फळाच्या डोळ्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या की तोडायचं. झाडावरच पिकू दिलं, तर खारी आणि पाखरं आपल्याआधी पोचतात.