उचल मर्यादेबाहेरची

१९९९च्या उन्हाळ्यात भाच्याला घेऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलो आणि घरच्या संगणकासाठी नवा प्रोसेसर आणला. इंटेलचा सेलेरॉन ३००ए, वेग ३०० मेगाहर्ट्झ.

"मामा, हाच ४५०वर पळतो, तू नुसता बघ."

माझ्यातला बँक अधिकारी दचकला. मंजूर मर्यादेबाहेर उचल?

त्याने हिशेब मांडला. बसचा वेग ६६. त्याला साडेचारने गुणले की ३००. साडेचार हा आकडा कारखान्यातच पक्का केलेला. पण मदरबोर्डवर बस १०० केली की झाले ४५०! तेवढ्या वेगाचा पेंटियम टू कितीतरी महाग होता. दीडपट वेग आणि तोही फुकट! मी मान डोलावली.

पंधरा दिवस मजेत गेले. मग एका रणरणत्या दुपारी कादंबरीचे सातवे प्रकरण उघडले, तर अक्षरांच्या जागी नुसती चिन्हे. यंत्र बंद पडले नव्हते. ते तापून मुकाट्याने चुकत होते. भाचा रडवेला झाला.

ओव्हरड्राफ्टला व्याज असतेच. इथे ते उष्णतेच्या रूपाने द्यावे लागते. वेग वाढला की उष्णता वाढते, व्होल्टेज वाढवले तर आणखीच.

भाचा बस पुन्हा ६६वर आणायला निघाला. मीच थांबवले. मोठा पंखा बसवला आणि रोजचे लेखन फ्लॉपीवर उतरवू लागलो. कर्ज काढावे, पण तारण ठेवून.

आजचे प्रोसेसर तापले की आपणहून वेग कमी करतात. सातवे प्रकरण मात्र पुन्हा पहिल्यासारखे उतरले नाही.