जमीन नांगराची की कागदाची?

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी गाडी किनवटजवळ आली, की डोंगर आणि सागवान दिसू लागते. हा मुलूख गोंड-कोलामांचा. १९५६ पर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला.

इथला गोंड पूर्वी जंगलाचा तुकडा साफ करी, काही वर्षे ज्वारी घेई आणि जमीन थकली की ती पडीक टाकून पुढे सरके. जमीन मुबलक, माणसे थोडी. हद्दीचा तंटा नव्हता. पुढे सालारजंगाच्या कारभारात, १८६५ पासून, निजामाच्या राज्यात जिल्हे आखले गेले, महसुलाची घडी बसली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मैदानातले शेतकरी डोंगराकडे येऊ लागले. त्यांतले बरेचजण गरजूच होते. पण गोंडाने विसाव्यासाठी सोडलेले शेत दप्तरात 'रिकामे' ठरे, आणि पट्टा मिळे तो अर्ज करणाऱ्याला. उरलेल्या रानावर जंगलखात्याची हद्द आली. नांगर एकाचा, कागद दुसऱ्याचा!

या कोंडीतूनच कुमराम भीम उभा राहिला. १९४० साली जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या अभ्यासकाला चौकशीसाठी पाठवले. त्यांच्या प्रयत्नांनी गोंडांना पट्टे मिळू लागले, आणि १९४३ मध्ये मारलावाईला गोंड शिक्षकांसाठी वर्ग निघाला. गोंडी वाचनमाला छापली ती देवनागरीत.

तुम्ही म्हणाल, लिहिता-वाचता आले की भागले? तसे नाही. अमेरिकेतल्या चेरोकी लोकांजवळ स्वतःची लिपी होती, १८२८ पासून वर्तमानपत्र होते. १८३२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकालही त्यांच्या बाजूने लागला. तरी वसाहतवाल्यांना जमीन हवी होती, आणि सरकारने निकाल अमलात आणलाच नाही. १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार लोकांना घरादारातून हाकलले; त्यांतले चारेक हजार दगावले असे मानतात.

म्हणजे कागद हवा, तो वाचणारा हवा आणि त्याच्यामागे उभे राहणारे गावही हवे. २००६ च्या वनहक्क कायद्याने दाव्याची सुरुवात ग्रामसभेकडे दिली आहे. गुरुजी, ग्रामसभेच्या दिवशी शेजारी बसून कुणाचा दावा वाचून दाखवलात, तर तोही एक धडाच होईल.