भुकेचं चित्र कोणी काढायचं?

‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’ हे वाक्य आपण परीक्षेत डोळे झाकून लिहितो. मीही लिहिलंय आणि मार्कही मिळवलेत. पण एखादा समाज मुळापासून हादरतो, तेव्हा लेखक आणि दिग्दर्शक नेमकं काय करतात? १९४३ चा बंगालचा दुष्काळ घेऊन पाहू.

हा केवळ निसर्गाचा कोप नव्हता. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. सरकारने आधी सैन्याची आणि कलकत्त्याची सोय पाहिली. भाव इतके चढले की खेड्यातल्या मजुराची मजुरी तांदळाला पुरेना. सुमारे ३० लाख माणसं गेली, असं मानलं जातं.

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांनी ‘अशनि संकेत’ या कादंबरीत हे सगळं एका खेड्यातून पाहिलं. सत्यजित राय यांनी १९७३ मध्ये त्यावर सिनेमा केला. त्यात खलनायक समोर येतच नाही. डोक्यावरून विमानं जातात आणि हळूहळू बाजारातला तांदूळ नाहीसा होतो, बस्स. शेतं मात्र हिरवीगार! काही समीक्षकांना हे सुंदर रंग खटकले. मला तर त्यांचीच जास्त भीती वाटली. दुष्काळ म्हटलं की आपल्याला भेगाळलेली जमीन आठवते. इथे हिरव्या रानात माणसं उपाशी मरतात.

मृणाल सेन यांच्या ‘अकालेर संधाने’ (१९८०) मध्ये कलकत्त्याचं एक युनिट याच दुष्काळावर सिनेमा काढायला खेड्यात येतं. हिरॉइन आपली स्मिता पाटील, तीही स्मिता म्हणूनच! युनिटच्या खरेदीमुळे गावच्या बाजारात भाव वाढतात. युनिटकडे काम करणारी दुर्गा एक शॉट बघताना किंचाळते, कारण पडद्यासाठी चाललेलं ते नाटक तिच्या घरात रोज घडतंय. पुढे पोटासाठी देह विकणाऱ्या बाईच्या भूमिकेसाठी गावातलीच मुलगी शोधू लागतात, तेव्हा गाव बिथरतं. शेवटी शूटिंग अर्धवट टाकून युनिट परत जातं.

राय यांनी भूक दाखवली. सेन यांनी ती दाखवायला आलेल्यांवरच कॅमेरा वळवला. आरसा कुणाच्या हातात आहे, हे मी उत्तरपत्रिकेत कधी लिहिलं नव्हतं. ‘दारिद्र्याचे प्रभावी चित्रण’ असं लिहून मोकळी व्हायचे आणि कँटीनमध्ये जेवायला जायचे. दोन्ही सिनेमे जमल्यास लागोपाठ बघा. मग दुर्गाबद्दल बोलू.